नौरोझच्या आत एक बॉम्बर

७ जानेवारी, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या वैमानिकांना ही सवय असते असं म्हणतात.
परिस्थिती अशी : सासूबाई नारिनमध्ये बर्फावरून घसरल्या. आता त्यांना एकटं ठेवता येत नाही, बर्फ वितळला की त्या आमच्याकडे राहायला येणार. बिश्केकमधल्या आमच्या फ्लॅटला जास्तीची खोली एकच, काचा लावलेली बाल्कनी. तिथे माझा कॉम्प्युटर, जॉयस्टिक आणि खुर्ची आहे, म्हणजेच ऑनलाइन विमानयुद्धातल्या माझ्या तुकडीचं मुख्यालय.
नव्या वर्षाच्या जेवणाला मेहुण्यासमोर, केंगेशसमोर, मी उभा राहून जाहीर केलं की नौरोझपर्यंत, म्हणजे २१ मार्चपर्यंत, मी एकही बॉम्बर पाडला नाही, तर स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर बाहेर काढीन. माझी बायको बुरुल म्हणाली, "नौरोझ कशाला? आत्ताच उचल, केंगेश मदतीला आहे." सगळे हसले. हसू देत.
एक बॉम्बर. एवढंच. आत्तापर्यंत पडला नाही तो निव्वळ योगायोग.

१४ जानेवारी, शनिवार
दुपारी दोनला लढाई. समोर नेहमीप्रमाणे कारागांडाचे कझाक. त्यांची बॉम्बर विमानं एकमेकांना चिकटून, मेंढ्यांच्या कळपासारखी येतात. प्रत्येकाच्या शेपटीत एक गनर, आणि तो कॉम्प्युटर नव्हे, हाडामांसाचा माणूस.
मी मागून व्यवस्थित जवळ गेलो. नेम धरला. पडलो.
कारण : खुर्ची. ऐन वेळी चाक फिरलं.
मला पाडणारा दाउलेत. खाणीतून निवृत्त झालेला माणूस आहे, सभ्य आहे, पण त्याची सभ्यता मला सहन होत नाही. लढाईनंतर त्याने लिहिलं, "जुमाके, पुन्हा मागूनच आलात? पुढच्या वेळी चहाच ठेवतो."
आमच्या तुकडीने दोन बॉम्बर पाडले. माझ्या नेतृत्वाखाली.

१७ जानेवारी
तोल्कुनचा फोन. ही तलासमध्ये गुरांची डॉक्टर, आमच्या तुकडीतली बरी नेमबाज, सगळ्यांसारखी मला बाइके, म्हणजे दादा, म्हणते. म्हणाली, "बाइके, राग मानू नका. बॉम्बरच्या शेपटीमागे जाऊन बसलं की सगळे गनर तुमच्यावरच गोळ्या झाडतात. पुढे जा, उंच चढा, समोरून सुसाट खाली या आणि मारून निघून जा."
मी शांतपणे समजावलं की मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. अर्ध्या बिश्केकला गाडी मी शिकवली. पुढच्या गाडीकडे मागूनच जायचं असतं. समोरून गेलं तर त्याला अपघात म्हणतात.
तिने फोन ठेवला. पटलं असावं.

२१ जानेवारी, शनिवार
पडलो. कारण : इंटरनेट. खालच्या मजल्यावरचा पोरगा सिनेमे उतरवतो, त्याच्या आईशी बोलणार आहे.
मात्र तुकडीने तीन पाडले! लढाई संपल्यावर रावशान (ओशमध्ये पुलावचं हॉटेल चालवतो, मनाचा दिलदार) म्हणाला, "बाइके, तुम्ही तुमच्याच पद्धतीने जा. कुणाचं ऐकू नका." मागून तोल्कुनचा खोकला ऐकू आला.
अशी निष्ठा आजकाल कुठे मिळते?

२८ जानेवारी, शनिवार
वीज गेली नाही. इंटरनेट ठीक. खुर्ची मी विटा लावून पक्की केली होती. तरीही पडलो.
कारण : खिमा भरलेल्या मंती. जेवणात सहा खाल्ल्या, आणि जड पोटाने हात मंदावतो. ठराव : शनिवारी दुपारी फक्त चहा आणि ब्रेड.
लढाई चालू असताना बुरुल टेप घेऊन आत आली आणि माझ्या पाठीमागे भिंत मोजू लागली. मी विचारलं काय करतेस. म्हणाली, "आईचा पलंग." मी म्हटलं अजून नौरोझ आलेला नाही. ती म्हणाली, "पलंगाला काय, तो आधी आला तरी चालतो." ती हे बोलली, आणि नेमक्या त्याच क्षणी दाउलेतने माझा डावा पंख उडवला.

२ फेब्रुवारी
कामावर एक बारीकशी गोष्ट घडली. शिकाऊ बाई चालवत होत्या. पुढे मिनीबस. मिनीबसचा मागचा भाग आणि बॉम्बरचा मागचा भाग यांत विलक्षण साम्य आहे, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. मी नकळत म्हणत गेलो, "अजून जवळ... अजून थोडं... आता!"
मिनीबसच्या ड्रायव्हरने खाली उतरून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. बाई रडल्या. शाळेच्या मालकाने विचारलं की 'आता' म्हणजे काय होतं? मी म्हटलं, ब्रेकचा इशारा.
बाईंनी दुसरा शिक्षक मागितला. तसाही त्यांचा गाडीकडे कल नव्हता.

४ फेब्रुवारी, शनिवार
प्रगती! आज माझ्या गोळ्या लागल्या.
तोल्कुनला लागल्या, ही वेगळी गोष्ट. ती वरून आडवी आली, मी आधीपासून नेम धरूनच होतो. तिचं इंजिन पेटलं. मी माफी मागणार होतो, पण कमांडरने माफी मागितली की शिस्त बिघडते. ती स्वतःच म्हणाली, "काही हरकत नाही बाइके. पुढच्या वेळी अजून थोडं मागे राहून मारा. अगदी मागे."
म्हणजे अखेर तीही माझ्या पद्धतीवर आली.

१८ फेब्रुवारी, शनिवार
ऐतिहासिक दिवस. पाच बॉम्बर पाडले, आणि हंगामाच्या तक्त्यावर आमची तुकडी पहिली! तुकडी मी स्थापन केली, नाव मी ठेवलं, गरुडाचं चिन्हही मी निवडलं (ते काढलं भाच्याने).
मी पडलो. पण सेनापती कधी स्वतः बंदूक घेऊन धावतो का? त्याचं काम दिशा देणं. आज मी चांगली दिशा दिली असणार, कारण माझा हेडफोन बंद होता तरी सगळ्यांना काय करायचं ते बरोबर माहीत होतं.

२५ फेब्रुवारी
केंगेश जेवायला आला. विचारलं, "किती झाले?" मी तक्ता दाखवला, तुकडीचा आकडा दाखवला. तो म्हणाला, "वा! आणि तुझे?"
मी त्याला चहा ओतला.
"जेझ्दे," म्हणजे भावोजी, "तुझे किती?"
मी साखर पुढे केली.
बुरुल म्हणाली, "कशाला विचारतोस त्याला? आईचा पलंग बुधवारी येतोय."
खोली जाईल याचं एवढं वाटत नाही. पण बुरुल मला हसत नाही, चिडत नाही, सरळ पलंग मागवते. माझ्याकडून तिची काही अपेक्षाच उरलेली नाही, हे बोचतं.

२७ फेब्रुवारी
निर्णय. तोल्कुनची पद्धत गुपचूप करून बघायची. हार म्हणून नव्हे. मागून सगळ्यांनाच जमतं, समोरूनही जमतं हे दाखवायला.
सकाळी कामावर जायच्या आधी सराव. कॉम्प्युटरने चालवलेले बॉम्बर, त्यामुळे टोमणे नाहीत. उंच चढलो, विमान उलटं करून खाली झेपावलो. खुर्चीवरून पडलो. विटा सरकल्या होत्या.

८ मार्च, बुधवार
महिला दिन. फुलं सगळेच देतात. मी बुरुलला हेडफोन दिले, उत्तम प्रतीचे, बाहेरचा आवाज अजिबात आत येत नाही. म्हणजे माझ्या लढाईचा तिला त्रास नको.
तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी तिला बॉम्बरच्या व्यूहाबद्दल सांगायला बसलो, तेव्हा तिने ते लगेच कानाला लावले. म्हणजे आवडले.
दुपारी बाजारातून ट्यूलिपही आणले. उगाच धोका नको.

१३ मार्च
पाडला!! समोरून, वरून, एका झटक्यात. आग, धूर, हवाई छत्र्या! कॉम्प्युटरचा बॉम्बर आहे, त्यामुळे पैजेत धरता येत नाही. पण पाडला. मी ओरडलो तेव्हा बुरुल धावत आली, तिला वाटलं गॅस पेटला. तिला पडदा दाखवला. म्हणाली, "छान." आणि खांद्यावर हात ठेवला. क्षणभर का होईना, ठेवला.
शनिवारी शेवटची लढाई, नौरोझच्या आधीची. हंगामाचा निकालही तिथेच. तुकडीला काही सांगायचं नाही. त्यांचे चेहरे दिसणार नाहीत याचं मात्र वाईट वाटतंय.

१८ मार्च, शनिवार, संध्याकाळ
नीट लिहितो.
केंगेश खास बघायला आला होता. तो माझ्या मागे, सासूबाईंच्या नव्या पलंगावर बसला, प्लॅस्टिकसकट. बुरुल दारात उभी.
कारागांडाचे आले, दाट, शिस्तीत. मी मागे गेलोच नाही. उंच, आणखी उंच, उन्हाच्या बाजूला चढलो. खाली आमची पोरं बाजूने शिरत होती.
आणि एकेक करून पडत होती.
रावशान पडला. मग आणखी दोघं. हेडफोनमध्ये तोल्कुन किंचाळत होती, "बाइके! बाइके कुठे आहेत? मागे कुणीच नाही! बाइके, मागे या!" मी म्हटलं, "धीर धर मुली, बघत राहा." मग तीही पडली.
मी झेपावलो. तसंच, जसं सरावात जमलं होतं तसंच. बॉम्बर समोर मोठा होत गेला. गोळ्या लागल्या! खऱ्या बॉम्बरला, माझ्या! इंजिनातून काळा धूर. केंगेश पलंगावर उभा राहिला, प्लॅस्टिक कडाडलं. मी दोन्ही हात वर करून ओरडलो.
दोन्ही हात वर, म्हणजे जॉयस्टिकवर एकही नाही. माझं विमान तसंच सरळ खाली गेलं, जमिनीत.
तो बॉम्बर एका इंजिनावर रखडत रखडत घरी पोहोचला आणि व्यवस्थित उतरला. पैजेच्या हिशेबात शून्य. त्यांचा एकही पडला नाही. हंगाम गेला.
दाउलेतने लिहिलं, "जुमाके, आज आला नाहीत? आम्ही सगळे मागे बघत बसलो होतो. तुमच्याशिवाय करमेना, म्हणून मग इतरांवर गोळ्या झाडल्या."
मी तुकडीला म्हटलं की दाउलेत काय बरळतोय. शेवटी रावशान म्हणाला, "बाइके, आता सांगतोच. तुम्ही मागून गेलात की त्यांच्या सगळ्या बंदुका तुमच्याकडे वळतात. तेवढ्यात आम्ही वरून मारतो. सगळा हंगाम असाच जिंकत आलो."
"म्हणजे मी..."
"आम्ही त्याला बोकड बांधणं म्हणतो," रावशान म्हणाला. "म्हणजे, प्रेमाने."
तोल्कुन म्हणाली, "बाइके, मी पहिल्यांदा खरंच शिकवायला फोन केला होता. तुम्ही ऐकलं नाहीत. आणि मग लक्षात आलं, की नाही ऐकलंत तेच बरं." मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजच कशाला शिकलात हो?"

१९ मार्च
राजीनामा पाठवला. तत्त्वाचा प्रश्न आहे. मी काही बांधून ठेवायचं जनावर नाही.
दिवसभर फोन जवळ ठेवला. समजूत काढायला कुणीतरी करेलच. एक फोन आला, शिकाऊ मुलीचा, उद्याचा तास पुढे ढकलायला.
दुपारी कॉम्प्युटर बाहेर काढला. शब्द म्हणजे शब्द. केंगेश येतो म्हणाला होता, नको म्हटलं. बुरुलने वायरी गुंडाळून धरल्या, एक शब्दही टाकून बोलली नाही. एकदाच म्हणाली, "धूर मी पण बघितला. चांगला काळा होता."
मी कॉम्प्युटर उचलून उभा होतो, म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

२१ मार्च, नौरोझ
सासूबाई आल्या. काठी टेकत बाल्कनीत गेल्या, खिडकीतून डोंगर बघितले, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, एवढी चांगली खोली माझ्यासाठी रिकामी केलीत? बुरुल, नशीबवान आहेस."
बुरुलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्यात काय, आपा. पहिल्यापासून तेच ठरलं होतं.

२५ मार्च, शनिवार
कॉम्प्युटर आता स्वयंपाकघरात, फ्रिज आणि शेगडीच्या मध्ये. राजीनामा दिलेला असल्यामुळे मी तो फक्त धूळ पुसायला चालू केला होता. तेवढ्यात रावशानचा निरोप : "दोनला बसताय ना?"
तुकडीने एवढा आग्रह केल्यावर माणसाने किती ताणायचं? नव्या हंगामाची पहिली लढाई, पोरं गोंधळतील. कमांडर आता तोल्कुन आहे, मीच तिला संधी दिली असं म्हणायला हरकत नाही. माझ्यासाठी वेगळं पद निर्माण करावं लागलं : पिछाडीचा प्रमुख. या पदावर दुसरं कुणीही नाही.
दोनला उडालो. मागून गेलो, मुद्दाम, पूर्ण विचार करून. सगळ्या बंदुका माझ्याकडे वळल्या. दाउलेतने लिहिलं, "आलात! जीवात जीव आला." वरून तोल्कुन झेपावली. तुकडीने सहा पाडले, नवा विक्रम.
मी कधी पडलो ते कुणी विचारलं नाही. मीच सांगायला वळलो, तर बुरुल शेगडीपाशी उभी होती. तिने माझ्या पडद्यावरचा धूर बघितला, सुरी आणि परात माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "पडलास ना? मग कांदे चिरून दे."