ताडपत्रीची एक गाठ

पोर्ट अल्बर्नी
१८ जुलै २०१०

ती. अक्कास,
बाळचा शि. सा. न. वि. वि.

फोन स्वयंपाकघरात आहे, आणि सुनंदाची बोटं वाकली तरी कान शाबूत आहेत, म्हणून हे पत्र. कुणाला दाखवू नकोस. तुझ्या लेकाला, दिलीपला तर नाहीच.

तिच्या संधिवातासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गांजाची झाडं मी परसात लावतो, सरकारी लायसन्सवर, हे तुला ठाऊक आहे. यंदा सहा आहेत. इंडिकाचा अंश जास्त असलेलं वाण घेतलं. बुटकं, रुंद पानांचं, लवकर तयार होणारं, कारण इथे सप्टेंबर संपत आला की आभाळ गळायला लागतं ते मार्चपर्यंत. रासायनिक खताचा कण नाही. मासळीचं खत, समुद्रातलं शेवाळ, घरचं कंपोस्ट. पानांवर भुरी दिसली तेव्हा पातळ ताक फवारलं. गेल्या वर्षीच्या पिकाची वाफ घेऊन तिची बोटं इतकी सुटली की हिवाळाभर तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. एरवी ती मी घालतो.

आता काळजी सांगतो. कुंपणापलीकडे मे महिन्यात प्रताप नावाचा गृहस्थ राहायला आला. विधुर, नागपूरकडचा, शेतकी कॉलेजात शिकवलेला. पाठीच्या दुखण्यासाठी त्याचंही लायसन्स आहे. माझ्या मागून लावली तरी त्याची झाडं माझ्यापेक्षा वीतभर रुंद! रोज संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून तो सुनंदाला झाडांचं विज्ञान सांगतो आणि ती हसते. माझ्याशी बोलताना ती इतकी हसल्याचं चाळीस वर्षांत मला आठवत नाही. मी सातवी, जन्म गेला लाकडाच्या मिलमध्ये. मी कसलं विज्ञान सांगणार?

ऑक्टोबरअखेर लायसन्सचा फॉर्म पुन्हा भरायचा आहे. झाडं कोण लावणार, ते नाव पेशंटने लिहायचं असतं. परवा सुनंदा म्हणाली, पुढच्या वर्षी प्रतापभावजींचं नाव घालू का, तुमचे गुडघे तरी वाचतील. गमतीने म्हणाली. पण म्हणाली.

लोभ असू दे, माझ्यासारख्या कुरकुऱ्या भावावरसुद्धा.
तुझा,
बाळ


स्कारबरो
१ ऑगस्ट २०१०

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

पत्र दिलीपनेच आणून दिलं, पण घाबरू नकोस. तुझं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही. हसून हसून चष्मा पुसावा लागला. एकाहत्तराव्या वर्षी तू बायकोसाठी जळतोस की झाडांसाठी, तेवढं पुढच्या पत्रात स्पष्ट लिही.

आईने मला परकर शिवला की तुला ताप यायचा, तो ताप अजून उतरलेला नाही. अरे, शिकलेला माणूस कुंपणाशी फुकट उभा आहे, तर चार गोष्टी विचारून घे. आणि फारच पोटात दुखत असेल तर झाडांची दृष्ट काढ आणि मोकळा हो.

गुडघ्यांना तेल लाव. सुनंदाला माझा आशीर्वाद सांग, आणि तिच्या हसण्याला नाट लावू नकोस.
अक्का


पोर्ट अल्बर्नी
१३ सप्टेंबर २०१०

ती. अक्कास,
बाळचा शि. सा. न. वि. वि.

गणपती परवा बसले. मोदक मी वळले, त्यामुळे कळ्या कमी आणि गोळे जास्त. सुनंदाचं गेल्या वर्षीचं औषध जुलैतच संपलं. वाटीसुद्धा दोन्ही हातांनी धरते. आता सगळी आशा परसातल्या पिकावर.

तू सांगितल्याप्रमाणे दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या सहाही झाडांवरून उतरवल्या. तरी दुसऱ्या दिवशी प्रताप कुंपणावरून वाकून म्हणालाच, वा, फुलांचे गोंडे काय भरलेत! तिसऱ्या दिवशी एक पान पिवळं. मग मी निळी ताडपत्री आणली आणि सगळ्या झाडांवरून जमिनीपर्यंत घट्ट बांधली. चहूबाजूंनी मिलमधल्या गाठी मारल्या. आता बघ म्हणावं काय बघतोस ते. यंदा पाऊस लवकर लागला आहे, म्हणजे त्याचाही बंदोबस्त झाला.

काल तो घरी येऊन सांगत होता की इंडिकाचे गोंडे दाट, आत ओल धरून बसतात, वारा खेळायला हवा, पाऊस नको असेल तर नुसतं वर छप्पर करा. मी मनात म्हटलं, दिसेनासं झालं म्हणून याला वाऱ्याचा पुळका आला. रात्री सुनंदाही तेच म्हणाली, अगदी त्याच शब्दांत. ते शब्द कुणाचे, हे मला कळत नाही का? मी जेवलो नाही.

लोभ आहे ना अजून? कळवावे.
बाळ


स्कारबरो
२१ सप्टेंबर २०१०

चि. बाळ यास आशीर्वाद.

दृष्टीचं मी गमतीने लिहिलं होतं रे! आठव, लहानपणी काकडीचा वेल कुणी पाहू नये म्हणून तू त्यावर गोणपाट घातलंस. फुलांना माशी शिवली नाही, काकडी धरली नाही, आणि तू शेजारच्या वेलाला शिव्या देत बसलास. हे वाचशील त्या मिनिटाला ताडपत्री सोड. पत्राचं उत्तर नको. आधी ताडपत्री.
अक्का


पोर्ट अल्बर्नी
२४ ऑक्टोबर २०१०

ती. अक्कास,
बाळचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सत्तावीस सप्टेंबरला मिळालं. मी ताडपत्री तीन दिवस सोडली नाही. तूही त्याच्या बाजूची, असं वाटलं. चौथ्या दिवशी सोडली, तेव्हा आधी वास आला. गोंडे वरून हिरवेगार. एक दाबला तर आतून करडी धूळ उडाली. पाच झाडं तशी. बुरसलेलं औषध तिच्या छातीत जाऊ देणार नव्हतो. पाचही उपटून टाकली.

सहावं, स्वयंपाकघराच्या बाजूचं, मात्र ठणठणीत. त्या कोपऱ्यातली एक गाठ सैल होती आणि कड दुमडल्याच्या घड्या पडल्या होत्या. मी तडक प्रतापच्या दारात गेलो आणि नको नको ते बोललो. माझ्या परसात शिरलास, माझ्या गाठीला हात लावलास, असं सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, मी तर पूर्ण ताडपत्री काढून देतो म्हटलं होतं, वहिनींनीच बजावलं की यांच्या गाठीला परक्याने हात लावायचा नाही, यांना लागेल.

अक्का, ती गाठ सुनंदाने सोडली होती, घरी आल्यावर तिनेच सांगितलं. मी सकाळी अंघोळीला गेलो की ती बाहेर जाऊन कड दुमडायची. तिच्या बोटांना एकच गाठ झेपली, आणि तेवढीला माझी अख्खी अंघोळ लागली होती. एका झाडापुरता वारा. संध्याकाळी माझ्या फेरीआधी कड खाली सोडून ठेवायची. त्या बोटांनी, अक्का. माझी मिलमधली गाठ.

सहावं झाड प्रतापने आणि मी मिळून कापलं. बेसमेंटमध्ये उलटं टांगलं, पंखा आणि हवेतली ओल ओढणारा डिह्युमिडिफायर लावून वाळवलं. तो स्वतःचं देऊ शकत नाही, लायसन्समध्ये बसत नाही. पण रोज येऊन काडी वाकवून बघायचा. कट्‌ असा आवाज आला, म्हणजे झाड नीट वाळलं, तेव्हा तोच माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. त्या दिवशीही मला राग आला, खोटं कशाला लिहू.

फॉर्म मी स्वतः तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, प्रतापचं नाव लिही, तुझी बोटं महत्त्वाची. तिने पेन दोन्ही हातांत धरलं आणि सावकाश लिहिलं. माझं. मग म्हणाली, पुढच्या वर्षी भावजी कुंपणाच्या अलीकडे उभे राहून सांगतील आणि तुम्ही ऐकाल, आणि ताडपत्री उद्याच्या उद्या घराबाहेर गेली पाहिजे. मी पेन घेतलं आणि खाली सही केली.

गेल्या आठवड्यापासून ती पुन्हा स्वतःची वेणी घालते. आरशापुढे बसते आणि मी उगाच फणी हातात घेऊन मागे उभा राहतो. एका झाडाचं औषध संक्रांतीपर्यंत पुरेल, मग वेणी माझ्याकडे. ते औषध लांबावं असं मला मनापासून वाटतं. आणि तुला म्हणून सांगतो, थोडंसं वाटत नाहीही.

हे वाचूनही लोभ उरला असेल तर तो राहू दे.
तुझा,
बाळ