ह्यांचा पहिला नंबर

मृत्युपत्र

मी, श्रीमती मनोरमा प्रल्हाद तिरोडकर, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या की गुडघ्यांचा इथे संबंध येत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तशी कोणाची छाती नाही.

कलम १. राहती सदनिका मुलगा परेश आणि मुलगी अश्लेषा यांना समसमान. विकायची की ठेवायची हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे, व्हॉट्सअ‍ॅपवर भांडून नव्हे. बँकेतील ठेवींचेही तसेच. मोहनमाळ अश्लेषाची. पाटल्या सुनेच्या; माझ्या आजारपणात ती रजा टाकून आली आणि नंतर कधी बोलून दाखवले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अश्लेषाने करावी.

कलम २. माझे यजमान कै. प्रल्हाद वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांचा लहान तराजू आणि पितळी वजने परेशला द्यावीत. ह्यांना लांबून येताना पाहिले की बाजारातले निम्मे तराजू आपोआप सरळ होत. नातेवाइकांत ह्यांना खडूस म्हणत. होतेच. पण 'मापात पाप नको' हे वाक्य ह्यांच्या तोंडी शोभायचे, कारण घरी कोणाची आंब्याची पेटीसुद्धा आलेली चालत नसे.

कलम ३. हॉलमधला जुना संगणक. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून नीट वाचावे.

हा संगणक फार धिमा झाला तेव्हा परेश म्हणाला भंगारात टाका. दुकानदार म्हणाला, विंडोजची कॉपी टाकून देतो, कोण बघतंय. ह्यांनी त्याला दारातूनच परत पाठवले. मग अश्लेषाने त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकले. ते फुकट आहे आणि त्यावरचे खेळही फुकट आहेत, असे तिने सांगितले तेव्हा ह्यांच्या कपाळाला आठी पडली. "फुकट ते पौष्टिक म्हणणारा माणूस मी नव्हे," म्हणाले. "फुकट देणाऱ्याचा काटा कुठे मारलेला असतो ते आधी बघ." तिला त्यासोबत येणारा परवाना मोठ्याने वाचायला लावला. कोणीही वापरावे, कोणीही नक्कल करून दुसऱ्याला द्यावी, आत काय आहे ते उघडून पाहावे, हवे तर बदलावे. ह्यांनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाले, "म्हणजे झाकण उघडून दाखवणारा व्यापारी. असा मला नोकरीत भेटला नाही."

त्यानंतर वर्षभरात ह्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. मी आयुष्यभर हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून दिली, आणि माझ्याच घरात बोलणे तुटले. तेव्हा खालच्या मजल्यावरची लुसी, निवृत्त नर्स, ह्यांना व्यायाम द्यायला येत असे. तिनेच ह्यांचा डावा हात कीबोर्डवर ठेवला. पेंग्विन बसून बुडबुडे मारतो, एका रंगाचे तीन जुळले की फुटतात, असा त्यातला एक खेळ. डावीकडे, उजवीकडे आणि मारा, एवढीच बटणे लागतात. तो दोघांनाही खेळता येतो. एका कीबोर्डवर अर्धा भाग ह्यांचा, अर्धा माझा. मी हरले की हे टेबलावर टिचकी मारत. ती टिचकी म्हणजे आमचे बोलणे होते. मला ती अजून ऐकू येते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

हळूहळू दुपारी इमारतीतले लोक येऊ लागले. कोणी गाड्यांची शर्यत लावी, कोणी पत्ते, लहान मुले चित्रे रंगवीत. एकट्याने बुडबुडे खेळणाऱ्यांच्या गुणांची एक यादी असते, वरच्या दहा जणांची. तिच्यात पहिले नाव ह्यांचे आहे. हे गेले त्यालाही आता चार वर्षे झाली. नाव तिथेच आहे.

कलम ४. वरील खेळ मी कोणालाही देत नाही. वकीलबाईंनी सांगितले की जे आपले एकट्याचे नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. ते आधीपासूनच सगळ्यांचे आहेत. मात्र मागेल त्याला अश्लेषाने ते पेनड्राइव्हवर भरून द्यावेत आणि त्याबद्दल चहासुद्धा घेऊ नये.

कलम ५. सोसायटीचे सेक्रेटरी धनेश यांनी मागे नोटीस लावली होती की आमच्या सदनिकेत 'व्यावसायिक गेमिंग पार्लर' चालते. ह्यांनी अश्लेषाकडून तो परवाना छापून घेतला आणि डाव्या हाताने नोटिशीशेजारी चिकटवला. नोटिशीत ज्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना 'पार्लरचे फर्निचर' म्हटले होते, त्या खुर्च्या मी धनेश यांनाच देते. त्यांच्या मातोश्री रोज दुपारी आमच्याकडे पत्ते खेळतात हे त्यांना अद्याप माहीत नाही. आता कळेल.

कलम ६. संगणक कोणाला मिळावा.

गेल्या गणपतीत लुसी दर्शनाला आली आणि खेळायला बसली. ती यादीत वर वर सरकत होती. मी मागे उभी. समोर निळा बुडबुडा, उजवीकडे निळ्यांचा घोस. आंधळ्याचाही नेम चुकला नसता. तिने मुद्दाम डावीकडे मारला. खेळ संपला.

"लुसी, हे काय केलंस?"

"नाय गं, चुकला हात."

"तू माणसांच्या शिरा शोधलेली बाई. तुझा हात चुकतो?"

मग ती डोळे पुसत म्हणाली, "प्रल्हादभाऊंचं नाव वर हाय ना. ते खाली कोण आणील? आम्ही सगळेच तसं करतो, मनोरमा. कोणी कोणाला सांगितलं नाय. जवळ आलं की सोडून द्यायचं."

मला आधी भयंकर राग आला. ज्या माणसाने जन्मभर खोटे माप चालू दिले नाही, त्याचा पहिला नंबर खोट्या मापावर टिकवला होता, आणि तोही अख्ख्या इमारतीने मिळून. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मोदक उरले होते ते घेऊन घरोघर गेले, कारण एवढी माया आमच्या वाट्याला आली होती आणि मला पत्ता नव्हता.

तरीही माप ते माप. म्हणून असे ठरवते की, जो कोणी प्रामाणिकपणे खेळून ह्यांचा पहिला नंबर मोडील, संगणक त्याचा. निवाडा अश्लेषाचा. अटी अशा: परेशने किंवा कोणीही तो फॉरमॅट करू नये, दुपारी दार उघडे ठेवून येईल त्याला खेळू द्यावे. ह्यांचे नाव पुसले जाणार नाही, दुसरे होईल, एवढेच. दुसऱ्या नंबरावर बसलेले हे मला चालतील. मी पन्नास वर्षे बसले.

स्वाक्षरीपूर्वीची नोंद. साक्षीदार म्हणून वकीलबाई आणि लुसी ठरल्या होत्या. आज लुसी चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आली, तिच्यासमोर सर्व वाचून दाखवले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये हे बरे, असे वकीलबाई म्हणाल्या. त्यावर लुसीने हातातले पेन खाली ठेवले.

"मग मी नाय सही करणार."

"का गं?"

"मला खेळायचंय," ती म्हणाली. "खरं खरं."

सबब दुसरे साक्षीदार म्हणून धनेश यांना खालून बोलावले. ते आले, त्यांनी सर्व वाचले आणि आईचे पत्त्यांचे कलम परत वाचले. साक्षीदार झाल्यामुळे त्यांना आता खुर्च्या देता येत नाहीत. त्या त्यांच्या मातोश्रींना द्याव्यात.

हे लिहीत असताना लुसी संगणकापुढे बसली आहे. वकीलबाईंचा चहा गार झाला तरी त्या उठत नाहीत, आणि धनेश तिच्या खुर्चीमागे उभे राहून "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत आहेत. या वेळी तिने उजवीकडेच मारला. टेबलावर टिचकी मी मारली.

स्वाक्षरी: मनोरमा प्रल्हाद तिरोडकर

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. लिहिणारी हसत होती, आणि शुद्धीवर होती.

साक्षीदार:
१. अ‍ॅड. रोवेना डाबरे, वसई
२. धनेश चुरी, सेक्रेटरी

स्थळ: वसई पूर्व
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५, रविवार