पहिल्या बोटीची रेशमी हॅट

२३ एप्रिल १८८९, मंगळवार. सकाळचे पावणेसहा.

सुकाणूवरून आत्ताच उतरलो. कॉफी पितो आहे.

ह्युरॉन सरोवराचा बर्फ फुटला, आणि कप्तान टटलला वेड लागलं. हिवाळ्यानंतर पोर्ट हार्लनला जी आगबोट पहिली शिरेल, तिच्या कप्तानाला गावचे व्यापारी रेशमी हॅट देतात. काळी, उंच. तेवढ्यासाठी हा पन्नाशीचा माणूस झोपत नाही! स्वयंपाक्याने त्याला आरशापुढे डोक्यावर पातेलं धरून उभं असलेलं पाहिलं.

निल्स हाउगेन, आमचा नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा टेहळ्या, म्हणतो, "लेम्या, एवढ्या डोक्याला हॅट मिळाली तरी बसणार कशी?"

२४ एप्रिल

 

आमची बोट 'एलायझा ड्रू' बुडाली. काल संध्याकाळी दाट धुकं होतं. अशा वेळी वेग कमी करायचा, हे कोळसा ओढणाऱ्यालाही कळतं. टटलने केला नाही. निल्स नाळेवरून ओरडला, "भोंगा! उजवीकडे भोंगा!" मी सुकाणूवरून कप्तानाकडे पाहिलं.

"लांब आहे. चालू दे."

निल्स पुन्हा ओरडला.

"घाबरट आहे तो. चालू दे म्हटलं ना!"

मग धुक्यातून दुसरी आगबोट, 'मार्था बील', आली आणि थेट आमच्या कुशीत घुसली. तीही त्याच हॅटमागे! आमच्या जुन्या लाकडी फळ्या खोक्यासारख्या फुटल्या. आम्ही 'मार्था'वर चढलो. निल्स आलाच नाही.

आज सकाळी तुटक्या नाकाची 'मार्था' बंदरात पहिली शिरली. धक्क्यावर बँड वाजत होता. आधीच बोलावलेला, म्हणून वाजवला! आम्ही ओल्या कांबळ्यांत उभे, आणि तिचा कप्तान हॅट घालून वाकतो आहे. टाळ्यासुद्धा पडल्या. काय माणसं!

२६ एप्रिल

गावात बोलणं चालू आहे, टेहळ्या झोपला होता म्हणून. टटल खोलीचं दार लावून बसला आहे. मेलेल्यावर दोष ढकलणार, दुसरं काय! ही असली माणसं कप्तान होतात.

इंगेबोर्ग, निल्सची बायको, आली होती. बसली नाही.

"झोपला होता का रे तो?"

"नाही, वहिनी. दोनदा ओरडला. मी ऐकलं."

"मग सोमवारी बोट बुडाल्याच्या चौकशीत तेवढंच सांग. नाहीतर झोपाळूचा पोरगा म्हणून माझ्या थोरल्याला कुणी बोटीवर घेणार नाही."

शब्द दिला.

२८ एप्रिल

बोटीच्या मालकाचा माणूस येऊन गेला. चकचकीत बूट, तोंडात लवंग.

"धुक्यात काय ऐकू येतं, लेम? नवी बोट येते आहे. सुकाणू तुझंच. कप्तानाविरुद्ध बोलणारं पोरगं सरोवरावर कोण ठेवतो, तूच सांग."

थुंकावंसं वाटलं. खाली गालिचा होता.

२९ एप्रिल, सोमवार

चौकशीत मला आधी बोलावलं. "टेहळ्या ओरडला होता का?"

मी म्हणालो, "इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, साहेब."

मग टटल उठला. बोडक्या डोक्याचा, दाढी वाढलेली. "पोरगा भ्यालाय. त्याला सोडा. हाउगेन दोनदा ओरडला, दोन्ही वेळा मी ऐकलं. मला हॅट हवी होती." एवढं बोलून त्याने आपला कप्तानीचा परवाना टेबलावर ठेवला.

बाहेर इंगेबोर्ग त्याच्यापाशी थांबली. माझ्यापाशी नाही.