एवेलियोचा दुसरा पाय

प्रिय आई,

काल दुपारी तुझ्या विसाव्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचून झालं आणि काल रात्री मला बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली. यावरून काय ते ओळख. तरी सगळं क्रमाने लिहिते, कारण तू मत मागितलं होतंस आणि नुसतं ‘छान आहे’ असं कळवलं तर तू पत्र फाडून टाकशील.

पक्षाघातानंतर दवाखान्यातून घरी आलीस तेव्हा तू थर्मासला छत्री म्हणत होतीस आणि मला मावशीच्या नावाने हाक मारत होतीस. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील. बाकीचं सांगता येत नाही. ते ‘बाकीचं’ आपण दोघींनी ऐकलं. मग तू डाव्या हाताने टाइप करायला बसलीस आणि मला बजावलंस, “माझं डोकं चालतंय का, ते या पुस्तकावरून तू सांगायचं. बाकीचे गोड बोलतील, तुला ते जमत नाही. गेलं असेल तर यापुढे एक ओळ लिहिणार नाही. हिबारातलं घर बंद करून तुझ्या ओस्वाल्दोमामाकडे जाईन आणि त्याच्या बायकोच्या हातचं निमूटपणे खाईन.” यातली शेवटची शिक्षा किती मोठी आहे, ते मला माहीत आहे.

अडचण अशी, की तुझ्या पुस्तकांना मी कधी हसले नाही. तोमासा पुरुषांची दाढी करता करता खुनी शोधते, दर पुस्तकात तिची सायकल चोरीला जाते, खाटीक एवेलियो आणि तो सार्जंट दोघंही तिच्या मागे असतात आणि ती कुणालाच हो म्हणत नाही. मी एकदा वाचते आणि विसरते. कारखान्यात माझं काम म्हणजे वळलेल्या सिगारमधून हवा नीट जाते का, ते यंत्रावर तपासणं. हवा अडली की काटा दाखवतो. माणसाचं डोकं कुठे अडलंय हे दाखवणारा काटा माझ्याकडे नव्हता. म्हणून तुझी प्रकरणं मी निवाल्दोला दिली.

तू आमच्या कारखान्यात कधी आली नाहीस, म्हणून सांगते. निवाल्दो हा आमचा वाचक. वळणाऱ्यांच्या हॉलमध्ये उंच खुर्चीवर बसून तो सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी मोठ्याने वाचतो. बाकीचे वळता वळता ऐकतात. टाळ्या वाजवायला कुणाचे हात मोकळे नसतात. मजकूर आवडला तर पान कापायची पाती फळीवर ठोकतात. नाही आवडला तर पाती जमिनीवर टाकतात. तोमासाची एकोणीस पुस्तकं त्यांनी अशीच ऐकली आहेत. मुखपृष्ठावर रोके बारियेन्तोस असं नाव असल्यामुळे हा रोके म्हणजे माझी आई, हे निवाल्दोशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे मतं अगदी निर्भेळ मिळणार होती.

सुरुवात बरी झाली. डॉमिनो क्लबचा अध्यक्ष गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत मेलेला सापडतो आणि सगळ्या गल्लीला आधी काळजी पडते ती आठवडाभर कोणतं पाणी प्यायलो याची. तिथे पात्या वाजल्या. सायकल चोरीला गेली तेव्हा मागच्या बाकावरचा फेर्मिन ओरडला, “शिळा झाला रे हा विनोद!” त्यावर शेजारची युस्लेदी म्हणाली, “तुझ्या बायकोला विचार, शिळ्याबरोबर कसे दिवस काढतात ते.” तोमासाच्या लग्नावरून रोज भांडण. निम्म्यांना खाटीक हवा, निम्म्यांना सार्जंट, आणि एदुविखेसला दोघंही नकोत. “करू दे तिला एकटीला मजा. मी केलं लग्न, काय मिळालं? घोरणं.” ही एदुविखेस हॉलमधली सगळ्यात जुनी वळणारी. तुझी सगळी पुस्तकं तिला तोंडपाठ आहेत. मी यंत्र सोडून दारात उभी राहायला लागले होते आणि विचारलं तर आर्द्रता तपासते आहे असं सांगत होते.

मग ते प्रकरण आलं. खुनाच्या रात्री समोरच्या खिडकीतली बाई पाहते, की एवेलियो आपला पांढरा एप्रन घालून, टोपी डोळ्यांवर ओढून शिडीने सरसर गच्चीवर चढला. सकाळी गच्चीवर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे दिसतात, डावा आणि उजवा. सार्जंट खूश होऊन एवेलियोला उचलतो. निवाल्दोने पान उलटलं आणि एदुविखेसची पाती जमिनीवर पडली. “कुठला डावा आणि उजवा? अकराव्या पुस्तकात आगगाडीखाली पाय गेला ना त्याचा! मी तेव्हा जेवले नव्हते!” फेर्मिनची पडली, मग युस्लेदीची, मग सगळा हॉल खणखणला. “अरे, लाकडी पायाला बोटं फुटली काय?” “रोके म्हातारा झाला!” आणि मागून कुणीतरी, अजिबात रागाने नाही, कणव आल्यासारखं म्हणालं, “डोकं गेलं बिचाऱ्याचं. आता घरी बस म्हणावं.”

तुझेच शब्द होते, आई. मी यंत्राकडे परत आले आणि एकामागून एक चांगल्या सिगार नापास केल्या.

पाय मलाही आठवायला हवा होता, पण माझं जाऊ दे. प्रश्न तू विसरलीस याचा होता. एवेलियोला पाय नाही हे तू विसरू शकतेस, तर गॅस बंद करायला विसरशील, हिबाराच्या त्या उतारावर घराचा रस्ता विसरशील. शेवटचं प्रकरण तू मागे ठेवलं होतंस. “आधी मधलं वाच, मग शेवट पाठवते,” असं म्हणाली होतीस. मला वाटायला लागलं, की शेवट नाहीच. तुलाही तो सापडत नाही. बसवाल्या राउलितोने तुझं पाकीट आणून दिलं तेव्हा मी ते न उघडता निवाल्दोच्या हातात दिलं. मला ते आधी वाचायचं नव्हतं.

काल हॉलमध्ये हट्टाची शांतता होती. फेर्मिनने पाती आधीच खाली ठेवली होती, टाकण्याचे कष्ट वाचवायला. तोमासा चौकीत जाते, सार्जंटच्या गालाला साबण लावते, वस्तरा गळ्याशी आणते आणि विचारते, ठसे किती पायांचे? तो म्हणतो, दोन. मग ती एवेलियोला विजार वर करायला लावते. निवाल्दो तिथे थांबला. त्यालाही तेव्हाच कळलं होतं. एप्रन एवेलियोचा होता, आत खुनी होता, गल्लीतला दातांचा डॉक्टर, आणि अख्ख्या गल्लीने एप्रन पाहून माणूस ठरवला होता. मग तोमासाचं ते वाक्य: “हा गेली कित्येक वर्षं एका पायावर माझ्यामागे फिरतोय. दुसरा असता तर केव्हाच दुसरीच्या मागे गेला असता.”

इतका आवाज त्या हॉलमध्ये मी कधी ऐकला नव्हता. फोरमन पळत आला, त्याला वाटलं छप्पर पडलं. एदुविखेस उभी राहून पाती ठोकत होती आणि सगळ्यांना सांगत होती, “मी म्हटलंच होतं! पायाचं मीच म्हटलं होतं!” फेर्मिन म्हणाला, “तू तर रोकेला घरी बसवत होतीस, म्हातारे.” ती म्हणाली, “ती मी नव्हे, तो तू.” मग लगेच पुढचं भांडण सुरू झालं, की आता तरी तिने एवेलियोला हो म्हणावं की नाही. तू पाय विसरलीस असं त्यांना वाटायला लावलंस, आणि ते विसरणार नाहीत यावर सगळं पुस्तक उभं केलंस. हे गेलेल्या डोक्याचं काम नाही. हे माझं मत. एक दोष मात्र आहे: सातवं प्रकरण लांबलंय, फेर्मिन तिथे झोपला होता.

हे फोनवर सांगायला मी काल दोनदा नंबर फिरवला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. तू माझा आवाज ऐकला असतास, आणि तो मला कागदावर आवरता येतो तसा काल आवरला नसता. पण पत्र घाईने लिहायचं कारण वेगळं आहे. हॉलमध्ये पात्या पडल्या त्या संध्याकाळी मी ओस्वाल्दोमामाशी बोलले होते. तुला न विचारता त्याने रविवारसाठी तुझं सामान हलवायला ट्रक ठरवला होता आणि मी त्याला नको म्हटलं नव्हतं. आज सकाळी म्हटलं. तरी तो येणारच आहे, रिकाम्या हाताने, जरासा ओशाळलेला. राउलितोची बस शनिवारी तिकडे पोचते; हे पत्र मामाच्या आधी तुझ्या हातात पडावं. मामाला कॉफी दे. घर कधी बंद करायचं असं त्याने विचारलं, तर टाइपरायटरवर कागद चढव आणि त्याच्यासमोर एकविसावं पुस्तक सुरू कर.

तुझीच,
लेयानिस