साहेबांचे कान

६ फेब्रुवारी
साहेबांचा उजवा कान पुन्हा वास मारतोय! कुत्रा आमचाच, पण थाट असा की ही त्याला पहिल्या दिवसापासून साहेब म्हणते. डोकं तिरकं, कान सोफ्याला घासणं चालू. दवाखान्यात कशाला जायचं – फ्रीजच्या दारात मागच्या वेळचे थेंब आहेत की! एकतीस वर्षं गोदाम सांभाळलं मी. उरलेला माल फेकणं रक्तातच नाही. बाटलीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी: 'कान – शिल्लक अर्धी.'

"आले अर्धे डॉक्टर," ही म्हणाली.

९ फेब्रुवारी
कान झकास. थेंब बंद. पाव बाटली अजून शिल्लक!

१५ फेब्रुवारी
साहेब माझं ऐकतच नाहीत. पाच हाका मारल्या – ढिम्म. हिने स्वयंपाकघरात नुसता पाय आपटला, तर शेपूट हलवत हजर! रोज फिरवतो कोण? मी. आंघोळ कोण घालतो? मी. आणि भाव हिला!

मुलगी फोनवर हसत सुटली. "बाबा, तुम्ही चक्क कुत्र्यावर रुसलात?"

हो, रुसलोय.

२ मार्च
वास परत, आता दोन्ही कानांना. शिल्लक बाटली संपवली, काडीचा फरक नाही. शेवटी दवाखान्यात गेलो. कान सुजून बंद झालेत, आतलं काही दिसत नाही म्हणे. डॉक्टरीणबाईंनी कापसाची काडी फिरवून तपासणीला पाठवली.

"मागचं औषध पूर्ण दिलं होतं ना?"

"हो तर!" म्हणालो. जीभ कशी वळली कोण जाणे.

७ मार्च
रिपोर्ट आला. बारा औषधांची यादी, अकरांपुढे 'उपयोग नाही'. जंतूसुद्धा साहेबांसारखेच, कुणालाही दाद देत नाहीत! मी हे बोलून दाखवलं. बाई हसल्या नाहीत.

"एकच औषध उरलंय. यानेही नाही भागलं तर ऑपरेशन. कानाच्या नळ्याच काढाव्या लागतील. दोन्हीकडच्या."

रिक्षात साहेब माझ्या मांडीवर झोपले. पाय बधिर झाला, पण मी हललो नाही.

८ मार्च
ही वही मागे चाळत गेलो. सगळं माझ्याच अक्षरात! जून – तिसऱ्या दिवशी बंद. सप्टेंबर – चौथ्या दिवशी बंद. नोव्हेंबर – जुनी शिल्लक वापरली. प्रत्येकापुढे 'झकास'. चोराने स्वतःच पंचनामा लिहून ठेवावा तसं. फार लाज वाटली.

वही घेऊन दवाखान्यात गेलो आणि बाईंपुढे उघडून ठेवली.

"दर वेळी कच्चे जंतू मेले, पक्के उरले, आणि मग तेच वाढले," त्या म्हणाल्या. "शिल्लक बाटलीत नव्हती काका, कानात होती."

९ मार्च
एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ. फ्रीजवर तक्ता लावलाय. प्रत्येक खेपेला हिची सही हवी. माझा माझ्यावर भरवसा नाही!

१४ मार्च
कान स्वच्छ दिसतायत. थेंब बंद करायला हात शिवशिवतायत. "उचला ती बाटली," ही म्हणाली. उचलली.

२२ मार्च
सह्या अठ्ठावीस. साहेब आता बाटली बघून पलंगाखाली जातात. मीही मागोमाग पलंगाखाली!

३० मार्च
जंतू नाहीत! ऑपरेशन नाही! दवाखान्यातच हिचा हात धरला, लोक बघत होते. उरलेले थेंब बाईंना परत दिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच शिल्लक शून्य.

मग बाई टेबलावरच्या साहेबांच्या मागे उभ्या राहिल्या आणि टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. स्टीलचा ट्रे खाली पाडला – मी दचकलो. साहेब माझ्याकडे बघत शेपूट हलवत होते.

"याला कधीपासून ऐकू येत नाहीये, काका?"

दोन्ही कानांचे पडदे फाटलेत. जंतूंनी केलं असेल, नाहीतर फाटक्या पडद्यातून जुने थेंब आत उतरून बाधले असतील. नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या. पाय आपटलेला मात्र जमिनीतून कळत असणार.

म्हणजे साहेब माझा शब्द मुद्दाम मोडत नव्हते. आणि मी ओरडत होतो त्यांच्यावर.

३१ मार्च
आज हाक मारली नाही. पाय आपटला.

आले.