काळोखात ठेवलेले प्रथिन

३ मार्च

डॉ. वृंदा श्यामसुंदर टेंबे, तुझे काम अपुरे राहिले आहे आणि ते मी पूर्ण करणार आहे.

तुला जाऊन चार महिने होत आले. आज तुझ्या विभागप्रमुखांनी बोलावून चहा दिला आणि तुझी खोली महिनाअखेर रिकामी हवी, असे अत्यंत सौजन्याने सांगितले. मी तितक्याच सौजन्याने सांगितले की काम चालू असलेली खोली रिकामी करता येत नाही. कोणते काम, असे त्यांनी विचारले. म्हणालो, वृंदाचे. ते चष्मा पुसू लागले. मौन ही संमती, असे मी धरले आहे.

वनस्पतींना ज्या प्रथिनामुळे प्रकाश कळतो, ते अंधारात कसे थरथरते आणि निळा प्रकाश पडल्यावर कसे, हे तू संगणकात हुबेहूब घडवून आणत होतीस व त्या थरथरीवरून त्याचा अवरक्त वर्णपट काढत होतीस. एवढे जेवताना ऐकून समजले आहे. उरलेले या महिन्यात समजेल. मी रसायनशास्त्राचा पदवीधर असून उभी नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात केली. आकडे सर्वत्र सारखेच.

५ मार्च

तुझी बंगाली विद्यार्थिनी नूपुर मला 'जामाईबाबू' म्हणते. तू त्यांची वृंदादी, म्हणून मी दीदीचा नवरा. साठी उलटलेला जावईबापू! हरकत नोंदवली. ती म्हणाली, "ठीक है, जामाईबाबू."

प्रथिन प्रकाशसंवेदी असल्याने पडदे ओढले व ट्यूब बंद केली. नूपुर आत येताना खुर्चीला धडकली. कारण सांगितल्यावर तिने खुर्ची सरळ केली. मग म्हणाली, "लेकिन प्रोटीन तो कंप्यूटर के अंदर है ना, जामाईबाबू." मी म्हणालो, सावधगिरी ती सावधगिरी. त्यानंतर ती मोबाइलचा टॉर्च तळहाताने झाकून वावरली. मुलगी समंजस आहे.

१० मार्च

कामाची पद्धत नूपुरकडून शिकून घेतली. पहिल्याच तपासणीत गंभीर अनियमितता आढळली. प्रथिन एक, आणि त्याच्याभोवती पाण्याचे हजारो रेणू! वृंदा, घरी नळ ठिबकला तर तू प्लंबरला रविवारी बोलवायचीस; आणि येथे हा अपव्यय?

नूपुर जेवायला गेली असता सर्व पाणी काढून टाकले. गणित कमालीच्या वेगाने धावू लागले. काटकसरीचे फळ तत्काळ मिळते.

११ मार्च

प्रथिन सुकवलेल्या आवळ्यासारखे आक्रसले. वर्णपटातील मुख्य रेघ आपली जागा सोडून भलतीकडेच जाऊन उभी राहिली. नूपुरने विचारले, "पानी किधर गया?" खर्चकपात, असे मी सांगितले. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "जामाईबाबू, मछली को पानी से निकालके पूछेंगे कैसी हो, तो वो क्या बोलेगी?"

तिने पाणी परत घातले. या प्रयोगात पाण्याचे महत्त्व आम्ही दोघांनी मिळून सिद्ध केले, अशी नोंद करतो.

१४ मार्च

दोलची, म्हणजे येथल्या रंगांच्या सणाची, सुट्टी. तरीही गेलो. रखवालदाराने अबीर लावला. आत सोडले नाही.

१७ मार्च

बंगळुरूहून केतकीचा फोन. आपल्या लेकीचे मराठी अजून तसेच आहे. म्हणाली, "बाबा, नूपुरदीचा फेलोशिप ह्या महिन्यात खतम होतो. तिला थीसिस पुरा करायचाय, आणि आईच्या मशीनवर तुम्ही बसलेले!"

मी म्हणालो, बसलेलो नाही, काम करतो आहे.

"तेच तर प्रॉब्लेम!"

चौकशी केली. नूपुर बेहाल्यातल्या घरून येऊन दिवसभर कॉरिडॉरमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते, हे खरे आहे. तेथे वारा चांगला येतो. तरीही संकल्प: उद्यापासून मी डबा खाईपर्यंत मशीन तिचे.

१८ मार्च

डबा लवकर संपला. केवळ पोहे होते.

२० मार्च

नूपुरने एक पूर्ण दिवस मशीन मागितले. उद्या नक्की, असा शब्द दिला.

२१ मार्च

ऐन रंगात आलेले गणित मध्येच थांबवणे शास्त्रीयदृष्ट्या अनुचित. सोमवारी नक्की.

२४ मार्च

सोमवार. नूपुरने विचारले नाही. निकड नसावी.

२५ मार्च

नूपुरचे प्रबंधापूर्वीचे व्याख्यान. घरचा माणूस म्हणून पहिल्या रांगेत बसलो. तिने पडद्यावर आलेख दाखवला. प्रयोगातून मिळालेला वर्णपट काळ्या रेषेत, संगणकाचा तांबड्या रेषेत. एकावर एक चपखल. मी उभा राहून हरकत घेतली: हे गणित वृंदाच्या खोलीत अद्याप चालू आहे, मग उत्तर कोठून आले?



नूपुर हळूच म्हणाली, "जामाईबाबू, ये वृंदादी ने खुद पूरा किया था. पिछले साल, दुर्गा पूजो के पहले."

काहीतरी विचारणे भाग होते. विचारले, पाणी धरून का?

"हाँ जामाईबाबू. पानी के साथ."

लोक हसले. मी खाली बसलो.

नंतर फाटकापाशी चहाला थांबलो. तू तर शेवटपर्यंत म्हणत होतीस, अजून थोडे राहिले आहे. हे नूपुरला सांगितले. ती म्हणाली, थोडे तर सगळ्यांचेच राहते. मग मी इतके दिवस काय चालवले, असे विचारले. तेच, पुन्हा एकदा. आणि उत्तर?

"सेम आया."

आधी का सांगितले नाहीस, असे मी जरा कडक आवाजात विचारले. ती मातीच्या भांड्यातील चहा फुंकत म्हणाली, "आप आते थे तो रूम खुला रहता था. मैं कॉरिडॉर से देखती थी, कुर्सी पे कोई बैठा है. अच्छा लगता था." मग एकदम चिडून म्हणाली, "लेकिन मेरा दो चैप्टर बाकी है, जामाईबाबू! सोमवार को फेलोशिप खतम!"

चहाचे पैसे तिने देऊ दिले नाहीत.

तपासणी अहवाल: डॉ. टेंबे यांचे गणित स्वतंत्रपणे पुन्हा करून पाहिले. तफावत आढळली नाही.

२८ मार्च

गेले दोन दिवस नूपुर त्या मशीनवर, मी घरी. आज सकाळी मशीन तिच्या टेबलावर हलवले. मॉनिटर मी धरला, वायरी तिने. जिन्यात दोनदा थांबलो. तिने विचारले, "घुटना?" हो म्हणालो.

तुझी शाल, डिंकाच्या लाडवांचा रिकामा डबा, चपला. एका पिशवीत मावले. फळ्यावर तुझ्या अक्षरातले काहीतरी आहे. पुसायचे का, असे नूपुरला विचारले. नवे सर येऊन पुसतील, म्हणाली, आणि कामाला बसली.

किल्ल्यांची पोच देण्याची येथे पद्धत नाही, असे कार्यालयात कळले. तसाच परत आलो. आणखी थोडा वेळ खोलीत उभा राहिलो.

दार कुलूपबंद केले. दोन्ही किल्ल्या परत केल्या.