पान एक्केचाळीसवरची चूक

४ डिसेंबर २०२४

— मटार सोलत होते मी. कणीक मळून झाकलेली, पाणी जायच्या आत हंडा भरायचा राहिलेला. हे वही घेऊन धावतच आले. "कालिंदी, चुकलं! सपशेल चुकलं! फिरकी आत नाही जात, बाहेर जाते!" म्हटलं, आधी हंडा लावा नळाला. लावला. मग हंड्याशेजारी बसूनच सांगत राहिले. दीर्घिकेतला वायू कृष्णविवरात सरळ पडत नाही. गरगर फिरत असतो, ती फिरकीच त्याला दूर धरते. आत जायचं तर ती देऊन टाकावी लागते. बाहेरचा वायू ती घेतो, आणखी बाहेर सरकतो. तेव्हा कुठे आतला आत जातो.

आज त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्यानंतर सतराव्या दिवशी हे गेले.

७ डिसेंबर

सुशांतचं पुस्तक आणलं. ह्यांचा लाडका विद्यार्थी! तेराव्याला जेवून जाताना "टाइप करून देतो, काकू" म्हणून ह्यांची जुनी वही नेली, ती नेलीच. पुस्तकात ह्यांचं नाव शोधलं. आभारातसुद्धा नाही.

९ डिसेंबर

सापडलं! पान एक्केचाळीस — "वायू आपली फिरकी कृष्णविवरालाच देऊन टाकतो." जुन्या वहीतली चूक, जशीच्या तशी! दुरुस्तीची वही माझ्या ट्रंकेत आहे. मेल्या, चोरलंस तेही अर्धवट.

रविवारी रामघाटच्या पाठशाळेत त्याचं भाषण आहे. भरल्या सभेत सोलीन.

१० डिसेंबर

फोन केला सुशांतला, ह्यांचं नाव का नाही म्हणून. "काकू, सरांचा तो बस आशीर्वाद था. बाकी मेहनत माझी."

बरं!

१३ डिसेंबर

वरच्या मजल्यावरच्या शरदिनीवहिनी जेवायला होत्या. "काळी भोकं कळायला लागली, नि आमटीत मीठ विसरलीस!" मग सगळं सांगून पान दाखवलं. त्यांचं हसू गेलं.

"नुसती चूक दाखवलीस तर तो पुढच्या छपाईत सुधारेल, मोकळा होईल. चोरी दाखवायची तर सांगावं लागेल ना गं — चूक तुझ्या नवऱ्याची."

१४ डिसेंबर

हे कधी चुकले नाहीत, असं तीन वर्षं ज्याला त्याला सांगत आले. आज जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर

सभेत उभी राहिले. म्हटलं, "पान एक्केचाळीसवरची चूक माझ्या यजमानांची आहे." आणि ट्रंकेतली दुरुस्तीची वही पहिल्या रांगेत दिली. पुस्तकातलं तेच वाक्य, ह्यांच्या अक्षरात. तीन वर्षांपूर्वीची तारीख. वर ह्यांनीच काट मारलेली, खाली दुरुस्ती.